माशाच्या पोटातलं बारसं

बाळाला माशाच्या तोंडात ठेवायचं की पोटात, यावर आमच्या घरात सकाळपासून खडाजंगी चालली होती.

"तोंडात ठेवलं तर माशानं गिळल्यासारखं दिसेल," अण्णा म्हणाले.

"आणि पोटात ठेवलं तर गिळून झाल्यासारखं," मी म्हटलं.

आईनं ओठांत धरलेल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. टाचण्या तोंडात असेपर्यंतच आमची आई गप्प असायची. "शकू, तू विट्याहून आत्ता येतेयस. पाय धू, चहा घे आणि एका जागी बस. माझ्या कामात माय-लेकीचं नातं आणू नकोस. आणि अहो, तुम्ही ती वाटी नीट धरा. माशाचा डोळा आहे तो!"

मासा म्हणजे आमचा जुना सागवानी पाळणा. मी त्यात झोपले, माझ्यामागून दीपक झोपला. आईनं त्याला शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे शिवून कल्ले लावले होते आणि चंदेरी अस्तराचे तुकडे कापून अंगभर खवले चिकटवले होते. अण्णांचं कऱ्हाडात शिवणकामाचं दुकान, त्यामुळे अस्तर, पुठ्ठे आणि रिकाम्या रिळांना घरात तोटा नव्हता. डोळ्यांच्या जागी स्टीलच्या दोन वाट्या. पाळण्याला झोका दिला की मासा शेपटी हलवायचा. खोटं कशाला बोलू, शेपटी झकास झाली होती.

आता तुम्ही विचाराल, बारशाला मासा कशाला? तर त्याचं उत्तर माळ्यावर होतं. आदल्या वर्षी माझ्या मामेभावाच्या पोराच्या पहिल्या वाढदिवसाला आईनं समुद्र केला होता. थर्माकोलचे मासे, पुठ्ठ्याचे खेकडे, निळ्या पेटीकोटाच्या कापडाच्या लाटा, आणि खायला निळ्या पुऱ्या. पुऱ्यांना कुणी हात लावला नाही. गल्लीतल्या कुत्र्यानं हुंगून पाहिल्या आणि तोही मान फिरवून निघून गेला. पण सजावटीचं सामान धडधाकट राहिलं. ते आईनं धुऊन-पुसून, जुन्या साडीत बांधून माळ्यावर टाकलं होतं आणि तेव्हापासून ती कुणाच्या तरी घरी काहीतरी व्हायची वाट बघत होती.

थीम हा शब्द आईनं कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत वाचला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात साधा कार्यक्रम झाला नाही. अण्णांच्या साठीला किल्ला झाला. अण्णा पुठ्ठ्याची तलवार घेऊन दरवाजात उभे. कुणीतरी पंखा लावला आणि बुरूज गुरुजींच्या अंगावर आला. गुरुजींनी उरलेले मंत्र अंगणात उभं राहून म्हटले. दीपकच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला सगळं गुलाबी. भातात बीट, पुरीत बीट, कोशिंबिरीत बीट, खिरीतसुद्धा बीट. पाहुणे पोटभर जेवून हसत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी भावकी घाबरून डॉक्टरकडे.

"विकतचं काय, कुणीही आणतं," हे आईचं पालुपद. "हातचं आहे हो सगळं! एक पैसा बाहेर गेला नाही." आणि हे खरंही होतं. कोंड्याचा मांडा करणारी बाई ती. गरिबीच्या माहेरातून बेताच्या सासरात आली आणि हाताच्या जोरावर तिनं आमची हौस कधी मारू दिली नाही. तिच्या हातात कला होती हे तिचा वैरीही कबूल करील. मात्र तिची कला बघून झाल्याशिवाय कुणाला जेवायला मिळायचं नाही. "हे कशाचं केलंय ओळखा बघू!" ती पाहुण्यांना विचारायची. ओळखेपर्यंत पानं वाढली जात नसत. पोटात कावळे ओरडणारी माणसं "बाई बाई, काय हात आहे तुमचा!" असं म्हणत म्हणत हळूहळू पाटाकडे सरकायची. जाताना प्रत्येकाच्या हातात आईनं केलेली भेटवस्तू. माझ्या विट्याच्या घरात बांगड्यांच्या खोक्यांचे इतके पेनस्टँड झालेत की त्यात ठेवायला पेनं पुरत नाहीत.

इतकी वर्षं आम्ही हे सगळं हसण्यावारी नेलं. पुठ्ठा काय, संध्याकाळी पडतो आणि सकाळी केरात जातो. पण त्या दिवशी गोष्ट पुठ्ठ्याची नव्हती, पोरीच्या नावाची होती, आणि नाव काही केरात जात नाही.

दीपकच्या लग्नाला सात वर्षं होऊन पाळणा हलला होता. डॉक्टर झाले, नवस झाले, ओट्या भरून झाल्या, आणि मग ही मुलगी. मी तिची एकुलती एक आत्या. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, हा आमच्यातला मान. त्या मानाची मी सात वर्षं वाट बघितलेली. माझ्या पिशवीत झबलं होतं, चांदीचं वाळं होतं आणि डोक्यात नाव तयार होतं. ऋजुता! माझ्या नवऱ्याच्या हापिसातल्या एका साहेबाच्या मुलीचं ते नाव मी केव्हाच हेरून ठेवलं होतं.

"आई, नावाचं काय ते सांगते हं," मी चहाची कपबशी खाली ठेवत म्हटलं.

"नाव झालंय," आई खवला चिकटवता चिकटवता म्हणाली. "मीनाक्षी."

"झालंय म्हणजे? कुणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? मीनामावशीच्या पन्नाशीला मी तिचं नाव कापलं नव्हतं का? हातभर उंचीची अक्षरं, सोनेरी. माळ्यावर जशीच्या तशी निघाली. 'मीना' तयारच आहे, एक 'क्षी' कापला की झालं. आणि मासे तर घरचेच. मीन म्हणजे मासा. कसं जुळून आलं बघ!"

मी कपाळावर हात मारला. "अगं, ही पोर शाळेत जाईल, लग्न करेल, म्हातारी होईल. जन्मभर ते नाव वागवणार ती. थर्माकोल उरला म्हणून नाव ठेवतात का कुणी?"

"मीनाक्षी नाव वाईट आहे का?"

वाईट नव्हतं. तीच तर पंचाईत होती. वाईट असतं तर भांडायला जोर आला असता.

"आत्याचा मान माझा आहे," मी शेवटचं हत्यार काढलं.

"मग कोण काढून घेतंय तुझा मान? कानात तूच सांग की! मीनाक्षी सांग."

मी दीपककडे बघितलं. तो पेपरात डोकं घालून बसला होता. दुकानात गिऱ्हाईकाशी इंचाइंचानं भांडणारा हा माणूस घरात आला की मऊ मेण. "मला दोन्ही चालतील," तो पेपराआडून म्हणाला. "तुम्ही बायका काय ते ठरवा."

अण्णांना विचारण्यात अर्थ नव्हता. आईनं त्यांना एक दोरी देऊन ठेवली होती. भिंतीवर मीनाक्षी ही अक्षरं लावून त्यांच्यावर पडदा टाकलेला. मी नाव पुकारलं की अण्णांनी दोरी ओढायची, पडदा खाली, अक्षरं वर, सगळीकडे टाळ्या. अण्णा बिचारे सकाळपासून त्या दोरीचा सराव करत होते.

म्हटलं, थांबा. बाळाची आई आपल्या बाजूला वळवली की खेळ खलास. आणि मी बाळंतिणीच्या खोलीत गेले.

खोलीत शेपा-ओव्याचा वास भरून राहिला होता. ज्योती, म्हणजे माझी भावजय, खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ. तिची आई खाली शेगडीत निखारे फुंकत होती. त्या गुहागरच्या. गावात दवाखाना धड नाही, आणि सात वर्षांनी राहिलेलं, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच केलं आणि त्या लेकीचं करायला इकडे येऊन राहिल्या. मुलीच्या सासरी राहायचं म्हणून बाई इतकी अंग चोरून वागायची की घरात आहे की नाही कळू नये. बोलायच्यासुद्धा कुजबुजत. लेकीला हाक मारायच्या ती नुसती "बाय."

"ज्योती, ते मासे बघितलेस का?" मी दार लोटून घेत विचारलं.

"बघितले. आईंनी किती मेहनत घेतलीय."

"मी मेहनतीचं नाही विचारलं. तुला पसंत आहेत का?"

ती नुसती हसली. या पोरीचं हे एक होतं, काही विचारा, हसायची. त्यामुळे आमच्या घरी सगळ्यांचं एकमत होतं की ज्योती फार सुखात आहे.

"हे बघ," मी खाटेच्या कडेला बसले. "मीनाक्षी-बिनाक्षी काही नको. ऋजुता ठेवू. कसं नाजूक वाटतं! तू फक्त दीपकला सांग, मला ऋजुताच हवं म्हणून. तू ठाम राहिलीस की आई काही करू शकत नाही."

"अक्का, सकाळी आईपण येऊन गेल्या. इथंच बसल्या होत्या, तुम्ही बसलात तिथंच."

"काय म्हणत होती?"

"हेच. मीनाक्षीवर ठाम राहा म्हणाल्या."

शेगडीपाशी तिच्या आईला खोकला आल्यासारखं झालं. हसू दाबलं असावं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण मी काही हटणारी नाही. म्हटलं, "बरं, तिचं राहू दे आणि माझंही राहू दे. तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या मनातलं कशाला? मान आत्याचा असतो."

"मान असेल आत्याचा. पोर तुझी आहे ना? नऊ महिने तू काय हाक मारत होतीस तिला पोटात?"

ज्योतीनं बाळाच्या अंगावरचं दुपटं उगाचच सारखं केलं. मग खाली बघतच म्हणाली, "केतकी."

"अगंबाई! छान आहे की! कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही. माझंच आहे ते."

मला काही उलगडेना. "तुझं म्हणजे?"

"माझं नाव. लग्नाआधीचं. आमच्या परड्यामागं केतकीचं बन आहे, म्हणून बाबांनी ठेवलं होतं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. मुलगा दीपक, म्हणून आईनं मुलगी ज्योती ठरवली होती. दिवा आणि वात, जोडी कशी शोभून दिसते! आणि नाव बदलणारच आहे म्हणून आमच्याकडच्या पत्रिकेतच "ज्योती" छापून घेतलं होतं. मी तेव्हा धाकट्याची बाळंतीण, त्याला मांडीवर घेऊन अक्षता टाकण्यापुरती आले आणि गेले. मला ही मुलगी ज्योती म्हणूनच भेटली. मी तिला सात वर्षं ज्योती म्हणत होते, आणि त्याआधी ती कोण होती हे विचारायचं मला कशाला सुचावं!

"तुमच्याकडं काही वाया घालवत नाहीत ना, अक्का," ज्योती म्हणाली. "आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचेसुद्धा आईंनी आकाशकंदील केले. म्हणून आपलं माझ्या मनात आलं. एवढं चांगलं नाव, नुसतं पडून आहे. फार वापरलेलंही नाही. हिला होईल."

हे ती हसत हसत म्हणाली हो! कुणी लहान झालेला फ्रॉक धाकटीला होईल म्हणावं, तसं.

"गप गो बाय," तिची आई दाराकडे बघत कुजबुजली. "कोणी ऐकलं तर काय म्हणतील? अक्का, तुम्ही मनावर घेऊ नका हं. बाळंतीण आहे, बोलते आपली काहीतरी."

"मी नाही घेतलं मनावर," मी म्हटलं आणि उठले. बाहेर येऊन परसात नळापाशी थोडा वेळ उभी राहिले. नाक लाल झालं होतं. आईनं विचारलं तर सांगितलं, शेगडीचा धूर.

संध्याकाळी बायका जमल्या. आल्या आल्या प्रत्येकीला आईनं माशाभोवती फिरवून आणलं. "खवले कशाचे केलेत, ओळखा!" शेजारच्या हेंद्रेकाकूंना काही ओळखता येईना. कागद म्हणाल्या, वर्ख म्हणाल्या, मग भुकेनं कंटाळून "खरे खवले आहेत का हो?" म्हणाल्या. आई इतकी खूश झाली की हेंद्रेकाकूंना घुगऱ्यांचा द्रोण सगळ्यांच्या आधी मिळाला.

बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला झबलं घालायची रीत आहे. आईनं आमच्या वरवंट्याला झबल्याखालून कागदाची शेपटी लावली होती. दीपक कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांना पाणी देत होता. अण्णा भिंतीला पाठ लावून, दोरी मुठीत धरून, डोळे माझ्या तोंडावर लावून उभे. ज्योतीची आई सगळ्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून. ज्योती हिरव्या साडीत पाटावर बसलेली, आणि हसत होती.

बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवून झालं, मग माशाच्या पोटात ठेवलं. ठेवल्या ठेवल्या ती पोर वाटीच्या डोळ्याकडे बघून भोकाड पसरून रडायला लागली.

"हं, शकू, चल," आई म्हणाली.

मी वाकले. माझ्या पाठोपाठ आईही वाकली, आणि मी बाळाच्या कानाशी तोंड नेतेय तोवर ती माझ्या कानात "मीनाक्षी, मीनाक्षी" म्हणत होती. जणू बारसं माझंच चाललं होतं.

मी बाळाच्या कानाला ओठ लावले. कुर्र केलं. आणि सांगितलं. इतकं हळू सांगितलं की मला आणि तिला सोडून कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. पोर रडायची थांबली. कानात वारा गेला की मुलं थांबतात, त्यात काही चमत्कार नाही. पण त्या क्षणी मला बरं वाटलं. तोवर बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घालायला सुरुवात केली होती.

"काय नाव ठेवलं आत्यानं?" सगळ्या एकदम ओरडल्या.

मी पाठ सरळ केली. "केतकी!"

आणि अण्णांनी दोरी ओढली.

सकाळपासूनचा सराव तो, काय सांगू! पडदा सर्रकन खाली आला आणि भिंतभर सोनेरी अक्षरं झळकली. मीनाक्षी. तीन अक्षरांतली दोन फिकी आणि एक करकरीत नवं.

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. बुक्के थांबले होते, पण एक शेवटचा माझ्या पाठीत असा बसला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. तो कुणाचा हे मागं वळून बघायची गरज नव्हती.

"अगोबाई," हेंद्रेकाकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मग ही मीनाक्षी कोण?"

माझी आई अशी तशी बाई नव्हे. "ते माशाचं नाव आहे," ती म्हणाली.

"माशाला नाव ठेवलंत?"

"ठेवावं लागतं. थीममध्ये असतं तसं."

"बाई बाई! काय एकेक सुचतं हो तुम्हाला!"

झालं, घोडं गंगेत न्हालं. आईनं माझ्याकडे असं बघितलं की पाहुणे गेल्यावर माझी धडगत नव्हती. पण तेवढ्यात बायकांनी ते नाव घोळवायला सुरुवात केली. केतकी. अय्या, किती गोड! नवीनच आहे. आमच्या गल्लीत कुणाचं नाही. पुरवणीत आलं होतं का? होता होता आईच्या कपाळावरची आठी सैल पडायला लागली.

"आमच्याकडं असंच असतं हो," ती घुगऱ्या वाढता वाढता म्हणाली. "शकूला मी आधीच बजावलं होतं. चारचौघींसारखं नाव नको म्हटलं."

दीपक तांब्या घेऊन माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा फुलला होता. "केतकी दीपक माळवदे! ऐकायला मस्त वाटतं गं, अक्का. कुठून काढलंस?"

मी ज्योतीकडे बघितलं. तिनं मान वर केली नाही. बाळानं दुपटं ओलं केलं होतं, ते काढून घेऊन ती कोरडं आणायला आत गेली.

तेव्हा दाराशी टेकलेली तिची आई पुढे आली. इतके दिवस आमच्या घरात ती भिंतीच्या कडेकडेनं चालायची. आता बायकांच्या मधून सरळ पाळण्यापाशी आली. वाकून पाळण्याची दोरी हातात घेतली. मासा शेपटी हलवायला लागला. तिनं नातीकडे बघितलं आणि आपल्या परड्यात उभं राहून बनापलीकडे कुणाला तरी बोलवावं, अशी मोकळ्या गळ्यानं हाक मारली.

"केतके!"

"ओ! आले गं आई!"

आतून ज्योतीचा आवाज आला. इतक्या मोठ्यानं आमच्या घरात ती कधी बोललेली नव्हती. पाठोपाठ पावलं वाजली आणि ती पळतच उंबऱ्यात येऊन उभी राहिली, बारा दिवसांची बाळंतीण, हातात कोरडं दुपटं, तोंडभर हसू. मग तिनं सगळ्यांचे चेहरे बघितले आणि थबकली.

हेंद्रेकाकू खो खो हसायला लागल्या. "अगं, तुला नाही काही! बाळाला हाक मारली त्यांनी!" बाकीच्याही हसल्या.

ज्योतीची आई हसली नाही. "दोघींनाही मारली," ती म्हणाली.

हसणं हळूहळू विरत गेलं. काहींना कळलं, काहींना शेजारणीनं कुजबुजून सांगितलं. आई द्रोण भरत होती, तिचा हात परातीतच राहिला. ती ज्योतीकडे बघत राहिली. आता ती काहीतरी म्हणेल, थीम म्हणेल, योगायोग म्हणेल, निभावून नेईल, म्हणून आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. पण नाही. तिनं परात खाली ठेवली आणि तिथंच जमिनीवर बसली.

दीपक अजून माझ्या शेजारीच होता. त्याच्या हातातला तांब्या कलंडून पाणी पायावर सांडत होतं, त्याला शुद्ध नव्हती.

"अक्का," तो अगदी हळू म्हणाला, "आम्ही बघायला गेलो होतो तेव्हा तिनं हेच नाव सांगितलं होतं का गं?"

"मी नव्हते तिथं," मी म्हटलं. "मला काय विचारतोस? तिला विचार."

तो गेला. बायकांमधून वाट काढत उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तोंड उघडलं, पण हाक फुटेना. सात वर्षं जी हाक मारत होता ती आता मारवेना, आणि दुसरी मारायची हिंमत होईना. तो तसाच उभा राहिला, आणि ती दुपटं छातीशी धरून वाट बघत राहिली, हा आता आपल्याला काय म्हणतो म्हणून.